मार्च-एप्रिलचा साप्ताहिक हवामान अंदाज कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की फोन सुरू होतात. कुणाचा हरभरा खळ्यावर असतो, कुणाची हळद शिजवून अंगणात पसरलेली असते, कुणाच्या घरी पाडव्यानंतरचं लग्न मोकळ्या मैदानात ठरलेलं असतं. दर आठवड्याचा अंदाज समजावून सांगताना जे प्रश्न वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ३ आणि प्रश्न १२ तरी नक्की वाचा.

१. अंदाजात "मध्य महाराष्ट्र" म्हणतात ते नक्की कुठलं? आमचा जिल्हा कशात येतो?

भारतीय हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांतले चार आपले: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. मध्य महाराष्ट्रात नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर असे दहा जिल्हे येतात. खानदेश हा वेगळा उपविभाग नाही, त्यामुळे जळगावकरांनी "मध्य महाराष्ट्र" हा शब्द शोधायचा. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे अकरा जिल्हे आपल्याला माहीत आहेत तेच.

बेळगाव, निपाणीकडूनही हा प्रश्न दरवर्षी येतो. तो भाग उत्तर अंतर्गत कर्नाटक या उपविभागात मोडतो. कोल्हापूरचा अंदाज जवळचा म्हणून वाचायला हरकत नाही, पण इशारा मात्र आपल्या उपविभागाचाच पाहावा.

२. अंदाज सात दिवसांचा असतो. सातव्या दिवसावर कितपत भरवसा ठेवायचा?

पहिल्या तीन दिवसांवर चांगला, चौथ्या-पाचव्यावर बेताचा, सहाव्या-सातव्यावर दिशा कळण्यापुरता. यात पुन्हा दोन भाग आहेत. तापमान वाढणार की उतरणार, हे पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतं, कारण ते मोठ्या भूभागावरच्या वाऱ्यांवर ठरतं. वळवाच्या पावसाचा ढग मात्र दुपारी दोनला तयार होतो आणि संध्याकाळी सातला विरतो. तो कुठल्या तालुक्यावर उभा राहील, हे चार दिवस आधी कुणालाही सांगता येत नाही. "शनिवारनंतर पावसाळी वातावरण" हे वाक्य तयारीला लागण्यासाठी आहे. झाकायचं की नाही, हे त्या दिवशी सकाळच्या अंदाजावर आणि दुपारच्या तात्काळ इशाऱ्यावर ठरवायचं. तात्काळ इशारा पुढच्या सुमारे तीन तासांपुरता असतो.

३. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे थोडासाच पाऊस ना?

नाही. यंदाच्या उन्हाळ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. "तुरळक" हा शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतो. किती पडेल, याच्याशी त्याचा संबंध नाही.

उपविभागात पाऊस मोजणारी जी केंद्रं आहेत, त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर "तुरळक ठिकाणी". २६ ते ५० टक्के असेल तर "काही ठिकाणी", ५१ ते ७५ असेल तर "बऱ्याच ठिकाणी" आणि त्याहून जास्त असेल तर "सर्वदूर". प्रमाणाचे शब्द वेगळे आहेत: २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम आणि ६४.५ पासून पुढे मुसळधार. म्हणून "तुरळक ठिकाणी मध्यम स्वरूपाचा पाऊस" याचा अर्थ असा की बहुतेक गावं कोरडी राहतील, पण ज्या गावात पडेल तिथे शेत भिजून ओढ्याला पाणी येऊ शकेल.

आमच्या घरी एका मार्चमध्ये हरभऱ्याची गंजी खळ्यावर होती. अंदाज "तुरळक"चा होता. वडील म्हणाले, तुरळक म्हणजे शिंतोडे, आणि ताडपत्री गोठ्यातच राहिली. साडेचारला पश्चिमेकडून आभाळ आलं, आधी धूळ, मग थेंब, आणि वीस मिनिटांत गंजीखालून पाण्याचा ओघळ निघाला. दुसऱ्या दिवशी गंजी उलगडली तेव्हा आतला हरभरा कोमट लागत होता, दोन दिवसांत त्याला कोंब आले. शेजारच्या वाडीत थेंबही नव्हता. अंदाज बरोबर होता, आम्ही तो वाचला चुकीचा.

४. बाकी राहू द्या. माझ्या गावात पडणार का, तेवढं सांगा.

ही तळमळ मी समजू शकतो, पण वळवाच्या बाबतीत गावाचं नाव घेऊन जो चार दिवस आधी "पडणार" म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा. खरं उत्तर शक्यतेच्याच भाषेत मिळेल (प्रश्न २ आणि ३). पावसाच्या दिवशी दुपारी बारानंतर मोबाइलवर रडारचं चित्र पाहायची सवय मात्र जरूर लावा. मुंबई, नागपूर, गोवा इथल्या रडारची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असतात. ढगांचा पट्टा कोणत्या दिशेला सरकतोय ते दोन-तीन चित्रं एकापाठोपाठ पाहिली की कळतं.

५. मार्चमध्ये इतकं ऊन असताना गारा कुठून येतात?

ऊन असतं म्हणूनच येतात. जमीन तापते, हवा हलकी होऊन वर उठते. त्याच सुमाराला बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत आलेलं असेल, तर ती उठणारी हवा ओलसर असते. या दिवसांत आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण चार-साडेचार किलोमीटरवर असते आणि वळवाचा ढग तिच्या दुप्पट-तिप्पट उंच वाढतो. पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात, खाली येऊ लागतात, वर उठणारा झोत त्यांना पुन्हा उचलतो आणि प्रत्येक वेळी त्यांच्यावर बर्फाचा एक थर चढतो. मोठी गार मधोमध कापून पाहा, कांद्यासारखे एक पांढरट एक पारदर्शक असे थर दिसतात. झोताला ती पेलवेनाशी झाली की कोसळते.

मे महिन्यात ऊन जास्त असूनही गारा त्या मानाने कमी, कारण तोवर वरची हवाही तापलेली असते. खाली गरम आणि वर थंड हा जोड फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये जमून येतो. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गहू झोपला, द्राक्षबागा उघड्या पडल्या, पक्षी आणि जनावरं दगावली. वरची थंड हवा कुठून येते, ते पुढच्या प्रश्नात.

६. "पश्चिमी विक्षोभ" हिमालयात येतो म्हणे. मग त्याचा लातूर-बीडशी काय संबंध?

भूमध्य समुद्राकडून पश्चिम-पूर्व वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांबरोबर या प्रणाली काश्मीर-हिमाचलवर येतात. त्यांचं बर्फ-पाऊस तिकडेच पडतं. पण त्यांची उंचावरची लाट कधी कधी दक्षिणेकडे खोल उतरते आणि महाराष्ट्रावर वरच्या थरात थंड, कोरडी हवा पसरते. त्याच वेळी खालच्या थरात विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे तमिळनाडू किंवा केरळपर्यंत कमी दाबाचा द्रोणीय पट्टा असेल, तर बाष्पाने भरलेले वारे त्या पट्ट्यावर एकमेकांना भिडतात. खालून ओलावा, वरून गारवा. अंदाजात या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात दिसल्या तर तो आठवडा गांभीर्याने घ्या.

७. पिवळा, केशरी, लाल: यातल्या कुठल्या रंगाला घाबरायचं?

घाबरायचं कुठल्याच नाही. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंगासोबत चिन्ह कसलं आहे तेही पाहा, कारण पिवळा विजांसाठीही असतो आणि उष्णतेसाठीही. पिवळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय फार वाईट. पिवळा इशारा असलेल्या दिवशीही वीज पडते, आणि ज्याच्यावर पडते त्याला रंगाचा काही उपयोग नसतो.

८. आमच्या जिल्ह्यात एकाच दिवशी उष्णतेचा आणि वादळी पावसाचाही इशारा होता. अंदाज देणाऱ्यांचाच गोंधळ आहे का?

गोंधळ नाही. दुपारी दोनपर्यंत ४१-४२ अंश आणि साडेपाचला गडगडाट, हा विदर्भ-मराठवाड्यातला एप्रिलचा अगदी नेहमीचा दिवस आहे. दुपारची उष्णताच संध्याकाळच्या ढगाला बळ देते. असा दुहेरी इशारा असेल तर मजुरांची कामं सकाळी अकराच्या आत उरका आणि चारनंतर कुणी रानात राहणार नाही असं बघा.

९. अकोल्यात ४३ अंश होतं, तरी "उष्णतेची लाट" जाहीर झाली नाही. असं का?

लाट ठरवायची रीत अशी. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. त्याहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा थेट ४५ वर गेला तर लाट आणि ४७ वर गेला तर तीव्र लाट. शिवाय उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडावं लागतं, आणि मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

एप्रिलच्या शेवटी अकोल्यात ४१-४२ ही नेहमीचीच पातळी. ४३ म्हणजे सरासरीहून एक-दोन अंश जास्त, म्हणून ती व्याख्येत बसत नाही. उलट मार्चमध्ये जिथली सरासरी ३६ आहे तिथे ४१ झालं, तर पाच अंशांचा फरक पडतो आणि लाट होते. शरीराच्या दृष्टीने मार्चमधलं ते ४१ जास्त धोक्याचं, कारण अंगाला उन्हाची सवय झालेली नसते. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला तो २०२२ चा, आणि तेव्हा हा फरक पुष्कळांनी अंगावर अनुभवला.

जाहीर झाली नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र काढू नका. ४३ अंशांत डांबराच्या कामावर उभं राहणाऱ्याला व्याख्येने सावली मिळत नाही.

१०. नागपूरला ४१ आणि मुंबईला ३६. तरी मुंबईत जीव जास्त का कासावीस होतो?

घामामुळे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तो पटकन उडतो. कोकण किनाऱ्यावर हवाच बाष्पाने भरलेली, घाम नुसता निथळतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून किनारपट्टीसाठी लाटेची अट ३७ अंशांची आहे (सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त, हे इथेही हवंच).

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात भर दुपारी चाललेल्या कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसं गेली. त्या दिवशीचा पारा विदर्भाच्या मानाने काहीच नव्हता. ही गोष्ट मी दर एप्रिलला सांगतो आणि सांगत राहणार.

मुंबईचं आणखी एक वैशिष्ट्य: सकाळी जमिनीकडून पूर्वेचे वारे वाहतात आणि दुपारच्या आधी समुद्रावरून खारे वारे आत येऊन पारा रोखतात. ज्या दिवशी पूर्वेचे वारे जोरात असतात आणि समुद्री वाऱ्याला एक-दोन वाजेपर्यंत उशीर होतो, त्या दिवशी पारा सात-आठ अंशांनी चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. अंदाजात "पूर्वेकडून वारे" दिसलं की मुंबई-ठाण्याच्या लोकांनी छत्री सोबत घ्यावी.

११. माझ्या मोबाइलवर ४४, बातम्यांत ४१. खरं कुठलं?

बातम्यांतला आकडा केंद्रावरच्या तापमापकाचा असतो. तो पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवलेला असतो. तापमान मोजायचं ते हवेचं, उन्हाचं नव्हे. मोबाइलचा आकडा बहुतेकदा संगणकीय गणिताने काढलेला असतो, कधी तो "जाणवणारं तापमान" असतो. गाडीतला आकडा तर डांबराच्या आणि इंजिनच्या झळीचा.

स्वयंचलित केंद्रंही चुकतात. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर २९ मे २०२४ ला ५२.९ अंश दिसले आणि देशभर बातम्या झाल्या. तपासणीत तिथला संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. एखादा आकडा शेजारच्या सगळ्या केंद्रांपेक्षा फारच वेगळा असेल तर तो पुढे पाठवण्याआधी एक दिवस थांबा.

१२. विजा कडाडायला लागल्या आणि आम्ही रानात आहोत. नेमकं काय करायचं?

काम टाकून निघा. पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नका, वीज पावसाच्या आधीही पडते आणि ढगापासून दहा किलोमीटर दूरही पडते. वीज चमकल्यापासून दर सेकंदाला एक असे आकडे मोजा; तीस व्हायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात.

पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या चारचाकीत जा. ट्रॅक्टर आणि दुचाकी चालत नाही. एकट्या कडुनिंबाखाली, आंब्याखाली थांबू नका. आपल्याकडच्या कितीतरी बातम्यांत "झाडाखाली आश्रय घेतला असता" हे शब्द असतात, आणि प्रत्येक वेळी ते वाचताना वाटतं, हे एकच वाक्य गावागावात पोचलं असतं तर. बैल, शेळ्या झाडाला बांधल्या असतील तर सोडून द्या. घर लांब असेल तर खोलगट जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, हात कानांवर, आडवं पडू नका, आणि दोघे-तिघे असाल तर एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप विनामूल्य आहे. आपल्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठे वीज पडतेय ते ते दाखवतं. घरातल्या एका तरी फोनवर ते असू द्या.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागा आणि १०८ ला फोन करा.

१३. बेदाणा शेडवर आहे, कांदा काढणीला आलाय, हळद वाळतेय. अंदाजातलं नेमकं काय बघायचं?

प्रत्येकाचं वेगळं.

बेदाण्याला पावसाइतकाच ढग घातक. तासगाव-पंढरपूर पट्ट्यात रॅकवर माल पंधरा-वीस दिवस असतो आणि कोरडा वारा हाच त्याचा कारागीर. अंदाजात "ढगाळ" आणि "आर्द्रता वाढ" दिसली तरी बाजूच्या ताडपत्र्या तयार ठेवा. पाऊस शेडच्या मधोमध येत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, खालचे रॅक आधी भिजतात.

कांद्याला तीन कोरडे दिवस मिळणार असतील तरच काढा. काढलेला आणि भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. जमिनीत उभा राहून भिजलेला त्या मानाने बरा.

हळदीला रात्रीचं दवही नको. "वादळी वारा" शब्द दिसला तर संध्याकाळी गोळा करून झाका.

फवारणीबद्दल थोडक्यात: चोवीस तासांत पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर थांबा. पिकानुसार सल्ला हवा असेल तर ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, "मेघदूत" ॲपवरही ती मराठीत मिळते.

१४. कोकणात पाऊस नाही, गारा नाहीत. मग आंबेवाले अंदाज का विचारतात?

कारण हापूसला पारा सोसत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार-पाच दिवस ३७-३८ अंश राहिले की सुपारीएवढ्या कैऱ्या गळतात आणि उन्हाच्या बाजूची फळं भाजतात. कातळावरच्या बागेत जमिनीची झळही फळाला लागते, साका धरतो (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो). अंदाजात तापमानवाढ दिसली तर बागायतदार झाडाला पाणी देतात, बुंध्याभोवती गवत पसरतात आणि चौदा आणे तयार आंबा सकाळच्या गारव्यात उतरवून घेतात. मळभ आलं तर तुडतुडे आणि भुरीची काळजी वेगळीच.

१५. दिवसाचं तापमान उतरलं, तरी रात्री झोप लागत नाही. अंदाजात रात्रीचा उल्लेख कुठे असतो?

"किमान तापमान" म्हणतात ते पहाटेचं. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता रात्री निघून जाते, म्हणून अहिल्यानगर-नाशिककडे दुपारी ३८ आणि पहाटे १८ असा फरक मार्चमध्ये दिसतो. ढग असले की ते गोधडीसारखे वर पसरतात. दिवसा ४० च्या वर आणि किमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांहून जास्त असेल तर अंदाजात "उष्ण रात्र" लिहून येतं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा इशारा दुपारच्या इशाऱ्याइतकाच मोठा आहे.

१६. ऊन जितकं तापेल तितका पाऊस चांगला, हे खरं का? आणि भेंडवळच्या घटमांडणीचं काय?

तापलेली जमीन समुद्रावरून वारे ओढते हे खरं, पण विदर्भातला एप्रिल एक-दोन अंशांनी जास्त तापला म्हणून पाऊस जास्त पडतो, असं होत नाही. प्रशांत महासागरातला एल निनो, हिंदी महासागराची स्थिती अशा दूरच्या गोष्टी त्यात असतात. २०२५ चंच उदाहरण घ्या: १९०१ पासूनचा देशातला सर्वांत जास्त पावसाचा मे महिना, म्हणजे मे फारसा तापलाच नाही, तरी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत. नेहमीची तारीख ११ जून.

बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे भाकीत सांगतात. ती जुनी परंपरा आहे, लोक श्रद्धेने जमतात, आणि त्या निमित्ताने सगळा पंचक्रोशीतला शेतकरी हंगामाचा विचार करतो. तिचा मान राखावा. बियाणं कधी घ्यायचं आणि पेरणी कधी करायची, हे मात्र हवामान विभागाच्या अंदाजावर आणि रानातल्या ओलीवर ठरवा.

१७. वळीव पडला. म्हणजे मान्सून लवकर आला का?

नाही. वळीव दुपारनंतर येतो, वारा-धूळ-विजा घेऊन येतो आणि तासाभरात आभाळ मोकळं करतो. मान्सून नैर्ऋत्येकडून येतो, दिवस-रात्र पाहत नाही आणि आला की गारवा टिकतो. वळवाच्या ओलीवर कापूस लावण्याची घाई दुबार पेरणीला आमंत्रण देते.

१८. काल संध्याकाळी आमच्याकडे धो धो पडला, तरी "कालच्या" नोंदीत शून्य. नोंद लपवली का?

नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी घेतात आणि ती ज्या सकाळी मोजली त्या तारखेला लिहितात. सोमवारी संध्याकाळचा पाऊस मंगळवारच्या तारखेला दिसेल. मंगळवारीही शून्यच असेल तर एवढाच अर्थ, की पाऊस तुमच्या गावावर पडला, केंद्रावर नाही (प्रश्न ३ पाहा). शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक लावून रोज साडेआठला मुलांकडून नोंद घेणारी गावं मला माहीत आहेत. एका वहीत तारीख, मिलिमीटर आणि "गारा / विजा / वारा" असे तीन रकाने पुरतात.